कमळाबाईच्या वाट्याची गोळी

सावली तालुक्यात कमळाबाईला न ओळखणारा माणूस मिळणं कठीण होतं, आणि ओळखतो असं चारचौघांत कबूल करणारा मिळणं त्याहून कठीण. एचआयव्हीची गोळी खाणाऱ्यांच्या घरी जायचं आणि गोळी सुरू आहे ना हे पाहायचं, हे तिचं काम. ती ज्याच्या अंगणात थांबेल त्याच्याबद्दल गाव दिवसभर विचार करणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं पिना, टिकल्या आणि रबरांची एक पिशवी बाळगली होती. एका घरी काम असेल तर ती पंधरा घरी थांबे. चौदा घरी टिकल्या विके आणि पंधराव्या घरी टिकल्या दाखवत दाखवत गोळीचं विचारून घेई. या धंद्यात तिला नफा काहीच नव्हता, पण परिसरातल्या बायकांच्या कपाळावरच्या टिकल्यांचं वैविध्य तिच्यामुळे बरंच वाढलं.

ती स्वतःही तीच गोळी खायची. नवराही खायचा. नवरा गुणवंतराव, सावलीच्या एका राइस मिलमध्ये मशीनवर होता. दोघांपैकी कोणाकडून कोणाला आला याचा तपास त्या घरात झाला नाही. कमळाबाई म्हणायची, "आला तो आला. आता कोनाकडचा पाव्हना म्हणून इचारत बसलं तं तो का उठून जानार हाय?" मुलगी पुनम मात्र सुटली होती. ती नागभीडला दिली होती.

कमळाबाईची धाकटी बहीण रंजीता हीसुद्धा याच आजारातली. धान निघाल्यावर इकडची माणसं मिरचीच्या तोड्याला तेलंगणात जातात, तशी रंजीताही टोळीबरोबर जायची. एका खोपटात दहा माणसं. त्यांच्यासमोर रोज डबी काढून गोळी गिळायची कशी, म्हणून तिनं डबी कपड्यांच्या तळाशी घातली आणि ती तिथंच राहिली. आधी खोकला आला, मग ताप. होळीच्या आधी तिला गावी आणली ती जीपमध्ये आडवी करून. तेरवी झाल्यावर कमळाबाई स्वतःहून चंद्रपूरच्या औषध केंद्रात गेली आणि काम मागितलं.

टोळ्यांमध्ये आणखी एक रीत होती. या भागात उसनं घेण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. वाटीभर मीठ, विळा, बैल, सगळं उसनं चालतं. ज्यांना एकमेकांचं दुखणं माहीत होतं ते गोळ्याही उसन्या घेत. आपली डबी संपली, मुकादम सोडत नाही, मग शेजारच्या खोपटातल्या बाईकडून चार गोळ्या घ्यायच्या आणि गावी आल्यावर मोजून परत करायच्या. व्यवहार चोख होता. फक्त विषाणूला तो मान्य नव्हता. देणाऱ्याचाही खंड पडायचा आणि घेणाऱ्याचाही. कमळाबाईनं आपल्या गावांमधून ही रीत मोडून काढली. "आपली गोळी आपल्या पोटात," ती म्हणायची. "जवळच्याले द्याची असन तं भाकर दे. गोळी देऊन तू बी मरशीन, तो बी मरन."

बाई बोलायला खमकी, म्हणून संशोधनवाल्यांना समाजाचा प्रतिनिधी हवा झाला तेव्हा तिचं नाव आपोआप पुढे आलं. नागपूरची एक संस्था, बाहेरची एक औषध कंपनी आणि आजारी माणसांचं एक सल्लागार मंडळ, अशा तिघांनी मिळून एचआयव्ही मुळातून बरा करण्याच्या इलाजावर काम करायचं होतं. मंडळात एक जागा 'सुशिक्षित नागरिक' अशीही होती. तिथं मला बसवलं. माझं शिक्षण वेगळ्याच विषयातलं होतं, पण ते कोणी विचारलं नाही.

संशोधन मला समजलं तेवढं सांगतो. रोजची गोळी विषाणूला दाबून ठेवते, संपवत नाही. थोडे विषाणू शरीरात झोपून असतात आणि गोळी थांबली की उठतात. कंपनीनं एक इंजेक्शन तयार केलं होतं. उठणाऱ्यांना ते आवरेल अशी आशा होती. आवरतं की नाही हे कळायला मार्ग एकच. इंजेक्शन द्यायचं, गोळी बंद करायची आणि दर आठवड्याला रक्त तपासत वाट पाहायची. विषाणू वर आला की गोळी लगेच पुन्हा सुरू.

चंद्रपूरच्या पहिल्या बैठकीला कंपनीचे साहेब आले होते. पडद्यावर त्यांनी एक त्रिकोण दाखवला. एका टोकाला उद्योग, दुसऱ्याला संशोधक, तिसऱ्याला समाज. साहेब म्हणाले, "आम्हाला तुम्ही भागीदार म्हणून हवे आहात."

"भागीदार म्हंजे बटईनं का?" कमळाबाईनं विचारलं.

साहेबांना बटई, म्हणजे वाट्यानं केलेली शेती, समजावून सांगावी लागली.

"बटईत निम्मं-निम्मं राह्यते," ती म्हणाली. "इथी बियानं तुमचं, नांगर डाक्टरबाईचा, अन् वावर आमचं. पीक नाई आलं तं तुमचं बियानं जाईन. आमचं वावरच जाईन."

सगळे हसले. भाषांतर झाल्यावर साहेबही हसले. संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर दिव्या मात्र हसल्या नाहीत, त्यांनी ते लिहून घेतलं. त्या बैठकीत कमळाबाईनं तीन अटी घातल्या. रक्त द्यायला येणाऱ्यासाठी गाडी पाठवायची. विषाणू आल्याचं कळलं त्याच दिवशी गोळी घरी पोचवायची. आणि घरच्या माणसाला वेगळं बसवून सगळं समजावून सांगायचं.

"घरच्यांना कशाला?" साहेबांनी विचारलं. "संमती रुग्णाची असते."

"गोळी बंद झाली म्हनलं तं घरचं मानूस भेते," कमळाबाई म्हणाली. "अन् भेलेलं मानूस काय करन त्याचा भरोसा नाई."

तिन्ही अटी मान्य झाल्या.

नाव द्यायला फार माणसं आली नाहीत. जी आली त्यांत गुणवंतराव होता. हे त्यानं घरी न विचारता केलं आणि जेवताना सांगितलं. त्याला कारण होतं. पुनमच्या सासरी कसं कोण जाणे कळलं होतं, आणि तिथं गेलं की त्याचा पाण्याचा पेला वेगळा यायचा. कोणी काही बोलायचं नाही. तीच माणसं, तीच आपुलकी, फक्त पेला वेगळा. गुणवंतरावाला बरा झाल्याचा कागद हवा होता. तो व्याह्यांसमोर ठेवायचा होता.

"मले इचाराचं तरी," कमळाबाई म्हणाली.

"तुले काय इचारू, पुनमची माय? गावोगावी सांगून राह्यली, संशोधन चांगलं हाय म्हणून. लोकायच्या घरचे चालतेत, अन् तुह्या घरचा काऊन नाई?"

तिनं त्याच्या ताटात भात वाढला. उत्तर दिलं असतं तर तेच मंडळासमोरही द्यावं लागलं असतं.

नवरा संशोधनात आल्यामुळे तिचे हितसंबंध निर्माण झाले, असं डॉक्टर दिव्यांनी समजावलं. रुग्णांविषयी चर्चा असेल तेव्हा तिनं खोलीबाहेर बसायचं ठरलं. "बसतो," ती म्हणाली. "घरी बी ते जेवाले बसले तं बाहीर जाऊन बसू का?"

घरच्या माणसाला समजावून सांगायचं काम शगुफ्ताकडे होतं. शगुफ्ता केंद्रातली समुपदेशक, मूळची चंद्रपूरची, कमळाबाईची जुनी सोबतीण. कमळाबाईची पाळी आली तेव्हा शगुफ्ता हसली. "बाई, तुम्हाला मी काय समजवू? अट तुमचीच आहे. करा सही." कमळाबाईही हसली आणि सही केली. बाकी प्रत्येकाच्या घरच्यांना तासभर बसवून सांगण्यात आलं.

इंजेक्शन दिल्यानंतर गुणवंतरावाची डबी शगुफ्तानं परत घेतली. घरात आता एकच डबी राहिली, कमळाबाईची.

काही दिवस ती नुसती पाहत होती. रोज संध्याकाळी ज्या वेळेला दोघं गोळी घ्यायचे त्या वेळेला ती एकटी घ्यायची आणि तो मजेत सुपारी कातरत बसायचा. मग एकदा तो खोकला. मिलमध्ये काम करणारा प्रत्येक माणूस खोकतो, कोंडाच तेवढा उडतो. हे तिला माहीत होतं. पण रंजीताही आधी खोकलीच होती.

पुढच्या दिवशी तिनं आपली गोळी खलबत्त्यात कुटली आणि त्याच्या वाट्याच्या जवसाच्या चटणीत मिसळली.

गोळी कुठून आणायची याचा तिनं विचार केला नसेल असं नाही. मागितली असती तर तिच्या शब्दाखातर कोणीही उसनी दिली असती. पण मग कोणाच्या तरी घरी ती कमी पडली असती, आणि हे पाप नको म्हणून ती इतकी वर्षं उन्हातान्हात फिरली होती. एका माणसाची गोळी मात्र ती बिनधास्त कमी करू शकत होती. त्या माणसाला जाब विचारायला कमळाबाईच यायची, दुसरं कोणी नाही.

"चटनी कडू लागून राह्यली," गुणवंतराव म्हणाला.

"जवस जुना हाय."

"मंग नवा आन ना."

"सरल्यावर आनतो."

तिचा हिशेब साधा होता. थोडे आठवडे चालेल, संशोधन संपेल, याची डबी परत येईल, मग आपली आपण घेऊ. तसं झालंही असतं. पण बाकीच्या माणसांचा विषाणू एकेक करून वर आला, त्यांच्या घरी अटीप्रमाणे त्याच दिवशी गोळी पोचली, आणि ते संशोधनातून सुटले. गुणवंतरावाचा विषाणू येईना. येत नव्हता म्हणून गोळी सुरू होईना, आणि सुरू होत नव्हती म्हणून चटणी थांबेना. तिनं काही आठवडे हात आखडला असता तर बहुधा विषाणू आला असता आणि दोघंही सुटली असती. पण त्यासाठी तो येईपर्यंत पाहत बसावं लागलं असतं. तिला तेवढंच जमत नव्हतं.

डॉक्टर दिव्यांनी मुदत वाढवली. मग पुन्हा वाढवली. कंपनीचे साहेब विमानानं नागपूरला आणि गाडीनं चंद्रपूरला आले. त्यांनी गुणवंतरावाचा हात दोन्ही हातांत धरला. राइस मिलमध्ये काम करणाऱ्या माणसाचा हात एवढा वेळ कोणी धरत नाही, त्यामुळे तो अवघडला. मंडळाच्या बैठकीत साहेब म्हणाले की एवढ्यात काही जाहीर करता येणार नाही, पण आशेला जागा आहे, आणि हे समाजाच्या विश्वासामुळे घडलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. कमळाबाई बाहेरच्या बाकावर होती, नियमाप्रमाणे. टाळ्या ऐकून तिनं आत डोकावलं आणि पुन्हा जाऊन बसली.

गुणवंतराव चालताना ताठ दिसू लागला. नागभीडला जाऊन आला. कागद अजून मिळाला नव्हता, पण तोंडी सांगितलं. या वेळी पेला कुठला आला ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. मात्र परत येताना त्यानं बायकोसाठी हिरव्या काठाचं लुगडं आणलं. हे लुगडं पाहिल्यावर आता त्याला काही सांगता येणार नाही, असं तिला वाटलं. पुढे शगुफ्ताजवळ ती हे बोलली.

उन्हाळ्यात कमळाबाई वाळत गेली. तोंडात फोड आले, जेवण जाईना. लोक म्हणाले, फिरणं फार होतं. ती म्हणाली, ऊन फार आहे. शगुफ्तानं ओढून नेऊन रक्त तपासलं, तर विषाणू भरमसाट.

"बाई, गोळी चुकली का?"

"वाया नाई गेली एकबी."

दुसऱ्या कोणी हे उत्तर दिलं असतं तर शगुफ्तानं घरी जाऊन डबी मोजली असती. कमळाबाईची डबी कोण मोजणार? औषधच लागू पडेनासं झालं असेल, असं मानून पुढच्या तपासणीसाठी रक्त पाठवलं.

पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, तिचं डोकं दुखायला लागलं. आधी कमी, मग असं की उजेड सहन होईना. एका सकाळी ती पुनमला रंजीता म्हणून हाक मारू लागली. चंद्रपूरला दाखल केलं. टीबी मेंदूत गेला होता.

औषधांनी मधले काही दिवस ती शुद्धीवर आली. शगुफ्ता उशाशी होती. गुणवंतराव बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या कोणाच्या नातेवाइकाला आपली हकीकत सांगत होता, माझा आजार गेला तसा हिचाही जाईल म्हणून. त्याचा आवाज आत येत होता.

"शगुफ्ता," कमळाबाई म्हणाली, "मी इथी आलो तेव्हापासून यायले गोळी नाई."

"त्यांची तर कधीचीच बंद आहे, बाई."

"मी देत होतो. माही."

शगुफ्ताला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं आधी दार लावून घेतलं.

"बताया क्यूं नहीं, बाई? मला तरी सांगायचं."

"सांगतलं असतं तं तू बंद केली असती." ती थांबून थांबून बोलत होती. "आता सांगाच लागते. मी गेलो तं त्यायले गोळी कोन देईन?"

डॉक्टर दिव्या दुपारपर्यंत नागपूरहून पोचल्या. त्यांनी गुणवंतरावाला एका खोलीत बसवून सांगितलं. तो उठला, बायकोच्या खाटेशी गेला आणि उभा राहिला.

"काऊन केलं असं?"

"खोकलत होते तुमी."

"कोंड्यानं खोकलतो मी. लग्नापासून खोकलतो."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

शगुफ्तानं नवी डबी आणली होती. कमळाबाईच्या समोरच त्यानं गोळी घ्यावी, असं तिनं सांगितलं. त्यानं घेतली. कमळाबाईनं त्याला तोंड उघडायला लावलं आणि बराच वेळ निरखून पाहिलं. डोळ्यांनी तिला नीट दिसत नव्हतं, पण तिथं कोणी तसं म्हटलं नाही. त्यानंतर ती फारशी शुद्धीत आली नाही. त्याच आठवड्यात गेली. पुनमनं तिला हिरव्या काठाचं लुगडं नेसवलं. तोवर त्याची घडीही मोडलेली नव्हती.

गुणवंतरावाचे साठवलेले रक्ताचे नमुने मग तपासले, तर जवळपास प्रत्येकात औषध सापडलं. ही तपासणी सुरुवातीलाही करता आली असती. सगळे नमुने शेवटी एकदम पाठवायचे असं ठरलं होतं, आणि सोयीच्या दृष्टीनं ते योग्यच होतं. अहवालात गुणवंतरावाचा निकाल वगळल्याची एक ओळ आली. कमळाबाईचा उल्लेख 'घरातील व्यक्ती' असा होता. मंडळानं तिच्यासाठी उभं राहून शांतता पाळली. साहेब पडद्यावरून सामील झाले होते. तेही उभे राहिले असावेत, कारण काही वेळ फक्त त्यांचा पट्टा दिसत होता.

दिवाळीच्या सुमाराला गुणवंतराव गोळ्या न्यायला चंद्रपूरला आला, तेव्हा डॉक्टर दिव्या केंद्रात होत्या. मंडळाच्या कागदांवर सही करायला मीही गेलो होतो. तो आला, टोपी काढून बसला. गळ्यापर्यंत बटणं लावलेली होती आणि एक बटण चुकलेलं होतं.

"डाक्टरबाई, एक इचाराचं होतं. तुमच्या सुईनं काई झालं का नाई मले?"

"सांगता येत नाही, भाऊ. गोळी पोटात जात होती ना. विषाणू गोळीनं दबला की इंजेक्शननं, हे आता वेगळं काढता येत नाही."

"म्हंजे सुईनं बी दबला असन."

"असेल."

"गोळी नसती देली तिनं, तरी नसता आला."

डॉक्टर दिव्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, हा त्यांचा दोष म्हणायचा तर म्हणा. "बाकी सगळ्यांना आला," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याबाबतीत, तसंही असू शकतं."

"अन् ते कसं कळन?"

कळण्याचा मार्ग एकच होता आणि तो पहिल्या बैठकीपासून सगळ्यांना पाठ होता. कंपनीकडून त्याच अर्थाचं पत्र येऊन पडलं होतं. डॉक्टर दिव्यांनी ते टेबलावरून उचललंही नाही.

"मला विचारायला सांगितलंय म्हणून विचारते, भाऊ," त्या म्हणाल्या. "गोळी पुन्हा थोडे दिवस थांबवून पाहता येईल. या वेळी रोज रक्त तपासू. माझा आग्रह नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मला बरंच वाटेल."

गुणवंतरावानं टोपी गुडघ्यावर सारखी केली. हा माणूस कागदासाठी यात उतरला होता, आणि कागद अजूनही मिळू शकत होता.

"नाई," तो म्हणाला. "आला तं काई नाई, गोळी हाय. पन नाईच आला तं?"

"तर तुम्ही बरे झालात, असं म्हणता येईल."

"हो ना," तो म्हणाला. "मंग तिच्या मरनाचं मी काय करू?"

शगुफ्ता खिडकीकडे तोंड करून उभी होती. त्यानं तिच्याकडून नवी डबी घेतली, झाकण फिरवलं, एक गोळी तळहातावर काढली. त्याची गोळीची वेळ संध्याकाळची, आणि तेव्हा दुपार होती. त्यानं ती पाण्याशिवायच गिळली. कोणी त्याला अडवलं नाही.